'हिताना' : एक शब्द, अनेक अर्थ

स्पॅनिशमध्ये 'हितानो' म्हणजे रोमा, ज्यांना आपण जिप्सी म्हणतो, त्या जमातीचा पुरुष आणि 'हिताना' म्हणजे त्या जमातीची बाई. स्पेलिंग 'जी'ने सुरू होतं, पण तिथे उच्चार करायचा घशातून 'ह'. अर्थ एवढाच. पण हा शब्द कुठे कुठे जाऊन बसलाय ते पाहिलं की आधी गंमत वाटते आणि नंतर वाटेनाशी होते.

शब्द आला कुठून?

हे लोक युरोपात पोचले तेव्हा ते इजिप्तहून आले असा तिकडे समज झाला. 'इजिप्तचा' या अर्थाच्या शब्दाचं झालं 'हितानो'. इंग्रजी 'जिप्सी'चंही तेच. म्हणजे नावच मुळात चुकीचं! खरं तर त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले. पुरावा भाषेतच आहे. रोमानीत कानाला 'कान', पाण्याला 'पानी', माणसाला 'मानुश' आणि पाचाला 'पांज' म्हणतात. स्पेनमधले हितानो स्वतःला 'काले' म्हणवतात, बाई असेल तर 'काली'. अर्थ सांगायला डिक्शनरी नको!

शब्द कुठे कुठे वापरतात?

१) पोशाख : सेव्हिलच्या वसंतातल्या जत्रेत बायका झालरींचा 'हिताना ड्रेस' घालतात. त्यासाठी हिताना असावं लागत नाही.
२) फूल : गॅलरीतून खाली लोंबणाऱ्या एका जिरेनियमचं नाव 'हितानिया', म्हणजे छोटी हिताना.
३) बेकरी : आपल्या स्विस रोलला तिकडे 'हितानोचा हात' म्हणतात.
४) साहित्य : सर्वांतेसने 1613 मध्ये 'ला हितानिया' ही कथा छापली. नायिका सुंदर, हुशार आणि सद्गुणी. शेवटी कळतं काय, तर ती हिताना नाहीच, लहानपणी पळवलेली बड्या घरची मुलगी आहे! बिझेच्या 1875 च्या ऑपेरातली कारमेन मात्र खरी हिताना, आणि तिचा शेवटी खून होतो.
५) सिगरेट : एका फ्रेंच ब्रँडचं नावच या शब्दाचं फ्रेंच रूप आहे. पाकिटावर नाचणाऱ्या बाईचं चित्र.

विशेषण म्हणून वापरला तर 'गोड बोलून मन जिंकणारी' असा कौतुकाचा अर्थ निघतो. पण 'फसवणारी' असाही निघतो. स्पॅनिश अकादमीच्या 2014 च्या शब्दकोशात हा दुसरा अर्थ होता. रोमा संघटनांनी निषेध केला, तेव्हा 'हा वापर अपमानकारक आहे' अशी टीप त्याला जोडली गेली.

नुसता शब्द बदलून भागतं का? 1749 मध्ये स्पेनच्या राजाने हजारो हितानोंना एकाच मोहिमेत पकडलं, पुरुष एकीकडे आणि बायका-मुलं दुसरीकडे. पुढे 1783 च्या कायद्याने 'हितानो' म्हणायलाच बंदी केली. ऐकायला छान वाटतं, पण त्याच कायद्याने त्यांची भाषा, वेष आणि भटकणंही बंद केलं. शब्दाबरोबर माणसंही पुसून टाकायची होती.

आता जरा आपल्याकडे बघू. मेसमध्ये कुणी आपली पोळी पळवली की आपण सहज म्हणतो, "काय भामटा आहे रे!" मराठी शब्दकोशातही भामटा म्हणजे ठग. पण भामटा ही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतली एक जात आहे. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. तो कायदा 1952 मध्ये गेला, म्हणून त्या 'विमुक्त'. आपल्या ॲडमिशनच्या लिस्टमध्ये 'व्हीजे' लिहिलेलं असतं ना, ते हेच. ती अक्षरं आपण सगळ्यांनी वाचली आहेत, पण त्यांचा फुल फॉर्म किती जणांनी विचारला?

हितानाचा ड्रेस, फूल, केक सगळं स्पेनला हवं होतं. फक्त शेजारी राहणारी बाई नको होती. स्पेनला नावं ठेवणं सोपं आहे. आपल्याच विंगमध्ये, दोन खोल्या सोडून, त्या यादीतला एखादा मित्र राहत असेल. आपण 'भामटा' म्हणून हसतो तेव्हा तोही हसत असेल, कारण दुसरं करणार काय? पुढच्या वेळी पोळी गेली तर 'चोरा' म्हणा. तो शब्द स्वतः कुठल्या जातीचं नाव नाही.