उपकार आणि साक्ष
(नीतिसूत्रे १८:१३, १७, निर्गम २०:१६)

वाशीम जिल्ह्यात शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिराविषयी श्वेतांबर व दिगंबर जैनांत फार दिवसांचा वाद आहे. १९०५ साली पूजेच्या वेळा वाटल्या गेल्या. १९२९ साली प्रिव्ही कौन्सिलाने व्यवस्थेचा हक्क श्वेतांबरांकडे ठेविला, व दिगंबरांच्या पूजेच्या वेळा कायम राहिल्या. तरीही १९८१ साली मंदिरास लागलेले कुलूप सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमानंतर २०२३ साली निघाले.

हा वाद आपला नव्हे. परंतु बोलणे निघाले म्हणजे, ज्या शेजाऱ्याने अडचणीत आपणांस दाणे उसने दिले त्याचाच पक्ष खरा, असे आपण बोलून जातो! उपकार स्मरावेत, पण उपकार हा पुरावा नव्हे. बंद दारापुढे उभे राहणाऱ्याचे दुःख खरे असते. तथापि त्यावरून व्यवस्था कोणाची हे ठरत नाही. व्यवस्था एकाची ठरली म्हणून दुसऱ्याची पूजेची वेळ बुडाली, असेही नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

शलमोन म्हणतो त्याप्रमाणे, प्रथम बोलणारा नेहमी खरा भासतो. स्वतः न पाहिलेले खात्रीने सांगणे ही खोटी साक्षच होय, मग ती कचेरीत असो की पारावर.

रविवारच्या वर्गात प्रत्येकाने आपल्या गावच्या एखाद्या तंट्याविषयी आपण पाहिलेले कोणते व ऐकीव कोणते, हे निरनिराळे सांगावे.