गोजिरा

‘गोजिरा’ हा शब्द कानी पडताच तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? दुडुदुडु धावणारे एखादे बाळ, नाही तर गाईला ढुशा देणारे वासरू. परंतु जपानात हाच शब्द उच्चारला, तर तेथील मुलांना आठवतो ५० मीटर उंचीचा एक अक्राळविक्राळ प्राणी! त्याच्या पाठीवर काटेरी पाती असून तो मुखावाटे दाहक झोत सोडतो. ‘गोरिरा’ म्हणजे गोरिला आणि ‘कुजिरा’ म्हणजे देवमासा. या दोन जपानी शब्दांच्या जोडीतून त्याचे नाव सिद्ध झाले. जगात तो ‘गॉडझिला’ या नावाने प्रसिद्ध आहे. इशिरो होंडा यांनी दिग्दर्शित केलेला त्याचा पहिला बोलपट ३ नोव्हेंबर १९५४ या दिवशी जपानात प्रदर्शित झाला.

मला अशा जुन्या राक्षसपटांची मोठी आवड आहे. “गुरुजी, आपण मराठीचे शिक्षक, आपल्याला हे चित्रपट कसे आवडतात?” असे माझे विद्यार्थी मला विचारीत. त्यांना मी जे सांगत असे, तेच आज तुम्हांलाही सांगतो.

या कथेचा आरंभ १९३३ साली झाला. त्या वर्षी अमेरिकेत ‘किंग काँग’ नावाचा बोलपट निघाला. त्यातील महाकाय वानर वस्तुतः सुमारे अर्धा मीटर उंचीचा एक पुतळा होता. विलिस ओब्रायन हे कलावंत त्याचा हात किंचित हलवीत आणि एक चित्र घेत. पुन्हा किंचित हलवीत आणि दुसरे चित्र घेत. पडद्यावर एका सेकंदात अशी २४ चित्रे सरकली, की पुतळा सजीव झाल्याचा भास होई. आपल्या दादासाहेब फाळके यांनीही १९१२ च्या सुमारास रोज थोडीथोडी चित्रे घेऊन वाटाण्याच्या रोपाची वाढ पडद्यावर दाखविली होती. तत्त्व तेच!

‘किंग काँग’ पाहून जपानमधील एइजी त्सुबुराया हे छायाचित्रकार भारावून गेले. पुढे गोजिराला पडद्यावर आणण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा पुतळा हलविण्याची ती रीत वापरावी, असे त्यांना फार वाटे. परंतु तिला लागणारा वेळ आणि पैसा त्यांच्यापाशी नव्हता. म्हणून ते हात जोडून बसले का? मुळीच नाही. बांबूच्या कामट्या आणि तारा यांचा सांगाडा करून त्यावर रबराचे थर देण्यात आले आणि राक्षसाचा एक पोशाख तयार झाला. त्याचे वजन सुमारे १०० किलोग्रॅम भरले! टोकियो शहरातील इमारतींच्या २५ पट लहान प्रतिकृती उभारण्यात आल्या. पोशाखातील माणूस त्यांमध्ये उभा राहिला, की डोंगराएवढा दिसू लागे.

तथापि, केवळ आकार मोठा दिसून भागत नाही. चालही अवजड दिसावी लागते. २ मीटर उंचीवरून सोडलेला दगड पाऊण सेकंदाच्या आतच जमिनीवर पडतो. ५० मीटर उंचीवरून सोडलेल्या दगडाला मात्र ३ सेकंदांहून अधिक काळ लागतो. म्हणजे छोटी प्रतिकृती कोसळली, की ती इतक्या झटकन पडते, की तिचे लहानपण तत्काळ उघडे पडते. यावर त्सुबुरायांनी युक्ती योजिली. चित्रे घेण्याचा वेग त्यांनी वाढविला आणि ती पडद्यावर नेहमीच्या वेगाने दाखविली. त्यामुळे मनोरे सावकाश ढासळू लागले आणि राक्षसाचे पाऊल धीमे व जड पडू लागले.

त्या पोशाखात मुख्यतः हारुओ नाकाजिमा हे नट असत. आत वारा नाही, बाहेर प्रखर दिव्यांची धग. काही मिनिटांतच जीव कासावीस होई. तरीही ते प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वल पाऊल कसे टाकतात, याचे निरीक्षण करीत. १९७२ पर्यंत त्यांनी १२ चित्रपटांत गोजिरा साकारला. पडद्यावर त्यांचा चेहरा दिसत नसे. दिसत असे ते केवळ त्यांचे श्रम. आणि ती कानठळ्या बसविणारी डरकाळी? संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्या कल्पनेनुसार, एका मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारांवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून तो ध्वनी काढला होता.

परंतु मुलांनो, हा खेळ केवळ भय दाखविण्यासाठी मांडलेला नव्हता. १९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी ही शहरे अणुबाँबने उद्ध्वस्त झाली. युद्धावरून परतताना दिग्दर्शक होंडा यांनी हिरोशिमाचे भग्नावशेष स्वतः पाहिले होते. पुढे १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. तिची विषारी राख एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ खलाशांवर पडली. त्यांपैकी एकाचा त्याच वर्षी मृत्यू झाला. चित्रपटातील गोजिराही अशाच बाँबच्या चाचण्यांमुळे खवळून समुद्रातून वर येतो. तो राष्ट्राच्या दुःखाचेच रूप आहे.

या कथेत सेरिझावा नावाचे एक शास्त्रज्ञ आहेत. गोजिराला ठार करू शकेल असे अस्त्र त्यांना सापडलेले असते. पण ते दुष्टांच्या हाती पडले तर काय, या चिंतेने त्यांनी ते लपवून ठेवलेले असते. अखेर लोकांचे हाल पाहून ते अस्त्र एकदाच वापरण्यास सिद्ध होतात. प्रथम ते आपले सारे कागद जाळतात. मग समुद्राच्या तळाशी जाऊन अस्त्र वापरतात आणि स्वतः वर येत नाहीत. ज्ञान मिळविणे कठीण खरे. परंतु त्याला आवर घालणे त्याहूनही कठीण.

२०२४ साली गोजिराच्याच एका नव्या चित्रपटाला दृश्य-परिणामांसाठी ऑस्कर पारितोषिक लाभले. आता पुष्कळसे काम संगणक करतो. तरीही तो जुना कृष्णधवल चित्रपट लागला, की मी खुर्ची ओढून बसतो. रबराच्या त्या कातडीवरच्या सुरकुत्या मला स्पष्ट दिसतात. पण त्यांच्याआड घामाने निथळणारा एक माणूस आहे, हे मी विसरत नाही. म्हणूनच तो अक्राळविक्राळ प्राणी मला आपल्या मराठी अर्थानेही गोजिरा वाटतो!

स्वाध्याय

१. त्सुबुराया यांनी पुतळ्याऐवजी पोशाखाचा उपयोग का केला?
२. चित्रे घेण्याचा वेग वाढविल्याने पडद्यावर कोणता परिणाम साधला?
३. सेरिझावा यांनी आपले कागद का जाळले? त्यांचे करणे तुम्हांला योग्य वाटते काय? सकारण लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : जीव कासावीस होणे, हात जोडून बसणे, कानठळ्या बसणे.