डेबियनच्या मुखपृष्ठाची पुनर्रचना

संगणक चालविणारी ‘डेबियन’ ही मुक्तस्रोत प्रणाली इयान मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केली. जगभरातील स्वयंसेवक ती जोपासतात. तिची आज्ञावली कोणासही पाहता, बदलता व विनामूल्य वापरता येते. बसविताना मराठी भाषाही निवडता येते. परंतु ती घ्यावयाची कोठून, हे संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर नवख्यास सहजी उमगत नसे. मजकूर व दुवे यांची तेथे दाटी होती. जाणत्यांनी जाणत्यांसाठी लिहिलेल्या पानाचे असेच होते; कार्यालयांतील सूचनाफलकही यास अपवाद नाहीत.

डिसेंबर २०२० मध्ये नवे मुखपृष्ठ प्रसिद्ध करण्यात आले. मजकुरास कात्री लागली आणि प्रणाली उतरवून घेण्याची ठळक कळ दर्शनी भागी आली.

तरीही अडचण पुरती सरली नाही. अनेक लॅपटॉपमधील वायफायच्या यंत्रभागास उत्पादकाने दिलेले फर्मवेअर लागते. ते बहुधा मुक्त नसल्याने, तत्त्वास धरून, अधिकृत प्रतीत घालण्यात येत नसे. ते असलेली अनधिकृत प्रत निराळ्या ठिकाणी शोधावी लागे. परिणामी, दर्शनी कळ दाबून घेतलेली प्रत बसविताना नवखा माणूस मध्येच अडे. हा दोष मांडणीचा नव्हे, धोरणाचा होता, आणि तो दूर करणे मांडणीकारांच्या हाती नव्हते. २०२२ साली प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदानाने आपल्या ‘सामाजिक करारात’ दुरुस्ती केली. जून २०२३ मध्ये आलेल्या १२व्या आवृत्तीपासून हे फर्मवेअर अधिकृत प्रतीतच मिळू लागले.