किशोरवयीन विद्यार्थ्यांचे लैंगिक आरोग्य : मुलामुलींच्या दृष्टीतील अंतर

लैंगिक आरोग्याविषयी शास्त्रशुद्ध बोलण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मधील निधनापर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. तथापि, वर्गात हा विषय आजही संकोचानेच येतो आणि मुलांना व मुलींना तो वेगवेगळ्या वाटांनी कळतो.

माहितीच्या दोन वाटा

मुलीला पहिली माहिती बहुधा आई, थोरली बहीण किंवा मैत्रीण देते. तिच्यासोबतच शिवाशिवीचे निर्बंध येतात. परिणामी मासिक पाळी ही शरीरधर्म न वाटता लपविण्याजोगी गोष्ट वाटू लागते. मुलाला घरात सहसा कोणी काही सांगत नाही. सवंगडी आणि मोबाइल हेच त्याचे गुरू. झोपेतील वीर्यस्खलन या वयात स्वाभाविक असते. परंतु त्याने शक्तिपात होतो, या समजुतीने धास्तावलेला मुलगा भोंदू वैद्यांच्या जाहिरातींना बळी पडतो. मुलगी त्रास सोसते, मुलगा तो नाकारतो. दवाखान्याची पायरी चढण्यास दोघेही कचरतात.

आकडेवारी काय सांगते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, पाळीच्या काळात आरोग्यदायी साधने वापरणाऱ्या १५ ते २४ वयोगटातील स्त्रियांचे देशातील प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ५८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते सुमारे ७८ टक्के झाले. परंतु याच दुसऱ्या पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील केवळ २१.६ टक्के स्त्रियांना व ३०.७ टक्के पुरुषांना एचआयव्ही-एड्सविषयी सर्वांगीण माहिती असल्याचे आढळले. साधने पोहोचली, ज्ञान मात्र मागे राहिले. त्यात स्त्रिया अधिक मागे असल्या, तरी पुरुषांची स्थितीही समाधानकारक नाही.

शाळा व पंचायतीचे कार्य

७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयोगटातील मुली आणि मुलगे अशा दोघांचाही समावेश करण्यात आला. हा दृष्टिकोन शाळेत उतरणे आवश्यक आहे. शिक्षकांनी प्रथम मुलामुलींशी स्वतंत्रपणे बोलावे, नाव न लिहिता प्रश्न टाकण्यासाठी पेटी ठेवावी आणि त्यानंतर एकत्र पाठ घ्यावा. मासिक पाळीची माहिती मुलांनाही द्यावी. त्यामुळे चेष्टेला आळा बसतो. ग्रामपंचायतीने शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी, दाराला कडी आणि वापरलेल्या पॅडच्या विल्हेवाटीची सोय आहे ना, हे पाहावे.

अठरा वर्षांखालील मुलामुलींचे लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा दोघांनाही सारखाच लागू आहे. अशा घटनेची माहिती पोलिसांना देणे त्याने बंधनकारक केले आहे. मात्र शरीराविषयी बोलण्यास शब्दच नसलेले मूल तक्रार तरी कशी करणार? ते शब्द त्याला देणे, हे शाळेचे पहिले काम होय.