आधी बोट, मग दुर्बीण, मग फॅक्टर

शौचातून रक्त गेलं की घरातलं निदान तयारच असतं: मूळव्याध. उष्णता झाली, तिखट कमी कर, रात्री इसबगोल घे. पुष्कळदा ते बरोबरही निघतं, कारण मूळव्याध आणि फिशर हीच सगळ्यात जास्त आढळणारी कारणं. पंचाईत होते ती रक्त थांबत नाही तेव्हा. मग कुणीतरी सुचवतं, ‘क्लॉटिंगचा प्रॉब्लेम असेल’, आणि माणूस परस्पर लॅबमध्ये जाऊन काही हजारांचं पॅकेज करून येतो. जिथून रक्त येतंय ती जागा तोवर कुणी पाहिलेलीही नसते. जागा आधी, रक्ताच्या तपासण्या नंतर, हा क्रम पाळला तर पैसे वाचतात आणि वेळही. खाली दिलेले दर शहरांतल्या खाजगी दवाखान्यांचे आणि ढोबळ आहेत. गावागणिक आणि हॉस्पिटलगणिक फरक पडेल.

पहिली पायरी जनरल सर्जनची. फी ५०० ते १,००० रुपये. बोटाने तपासणी त्याच फीमध्ये होते, आणि नळीने आत पाहण्याची प्रॉक्टोस्कोपी ३०० ते १,००० रुपयांत तिथेच, काही मिनिटांत. लाजेपोटी ही तपासणी टाळणारे खूप. पण डॉक्टरच न तपासता मलम लिहून देत असतील तर ‘आतून बघणार नाही का?’ असं विचारायला लाजू नका. सोबत सीबीसी (२५० ते ४००) आणि शौचाची साधी तपासणी (१०० ते २००) करून घ्या. हिमोग्लोबिन घसरलेलं आणि तांबड्या पेशी आकाराने लहान असतील, तर रक्त बरेच दिवस जात असावं असा संशय घेतात. प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असाव्यात. पण लाखभर निघाल्या म्हणून कुणाच्या आतड्यातून आपोआप रक्त वाहत नाही. ‘ऑकल्ट ब्लड’ तपासणीवर मात्र पैसे घालवू नका. ती न दिसणारं रक्त शोधते, तुम्हाला तर ते डोळ्यांनी दिसतंय.

वय चाळिशीपुढे, वजन घटलेलं, शौचाची सवय बदललेली, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला, किंवा मूळव्याधीचे उपचार होऊनही रक्त चालूच, यातलं काहीही असेल तर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, टाळू नये. मूळव्याध दिसली म्हणून वरच्या आतड्यात दुसरं काही नाही असं होत नाही. तरुण माणसाला लालभडक रक्त जात असेल तर डॉक्टर कधी छोट्या दुर्बिणीवर, म्हणजे सिग्मॉइडोस्कोपीवर (२,५०० ते ५,०००), भागवतात. पूर्ण कोलोनोस्कोपीला मध्यम हॉस्पिटलात ५,००० ते १२,०००, मोठ्या कॉर्पोरेट ठिकाणी त्याहून बरेच जास्त.

काउंटरवर सांगितलेला आकडा आणि हातात पडलेलं बिल यांत फरक पडतो तो चार ठिकाणी: भूलतज्ज्ञाची फी, डे-केअर बेड, बायोप्सी आणि पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूची मशासारखी वाढ) काढण्याचा खर्च. बायोप्सी अनेक लॅबमध्ये डबीवर मोजतात. आतड्याच्या तीन भागांचे तुकडे तीन डब्यांत गेले तर तिप्पट पैसे, दर डबीला १,००० ते २,५०० धरा. पॉलिप दिसलाच तर त्याच वेळी काढणार का आणि त्याचे किती, हे आधी ठरवा, नाहीतर पुन्हा पोट साफ करून पुन्हा यावं लागतं. महाराष्ट्रात खाजगी शुश्रूषागृहांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं २०२१च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ते दिसत नसेल तर मागा.

सगळ्यात महाग पडते ती फसलेली तयारी. पोट नीट साफ झालं नाही तर तपासणी अर्धवट सोडतात आणि खर्च दुसऱ्यांदा होतो. पोट साफ करायची पावडर २५० ते ७०० रुपयांत मिळते. ती दोन हप्त्यांत, म्हणजे आदल्या संध्याकाळी आणि तपासणीच्या दिवशी पहाटे, घेतली तर आतडं जास्त स्वच्छ होतं. आधीचे दोन-तीन दिवस पालेभाज्या, पेरू, टोमॅटो, तीळ, मोडाची उसळ बंद. वरण-भात, दही चालतं. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आठवडाभर आधी थांबवा. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन मात्र स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नका. आणि ‘रक्त पातळ करायच्या गोळीमुळेच जातंय’ असं म्हणून तपासणी सोडूनही देऊ नका: आतड्यात आधीपासून असलेली गाठ गोळीमुळे लवकर उघडकीला येते, असंही होतं.

आता क्लॉटिंग. रक्त न गोठण्याचा आजार सहसा एकाच जागी दिसत नाही. हिरड्यांतून रक्त, वारंवार घोळणा फुटणं, दाढ काढल्यावर रात्रभर न थांबणं, पाळीला अति रक्तस्राव, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग, मामाला हिमोफिलिया: या प्रश्नांना पैसे पडत नाहीत आणि पॅकेजपेक्षा ते जास्त सांगून जातात. सगळ्यांचं उत्तर ‘नाही’ असेल तर पीटी-आयएनआर (२५० ते ५००) आणि एपीटीटी (४०० ते ७००) या रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या दोन तपासण्यांवर थांबता येतं. पीटी वाढलेला असेल तर आधी लिव्हरकडे आणि घेत असलेल्या गोळ्यांकडे पाहतात. लॅबवाले अजूनही ‘बीटी-सीटी’ हौसेने करतात. स्वस्त आहे, उपयोग जवळपास नाही.

एक-दोन उत्तरं ‘हो’ असतील तर हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञ, गाठा. एपीटीटी नॉर्मल असूनही व्हॉन विलेब्रँड आजार (रक्त गोठवणाऱ्या त्याच नावाच्या घटकातला दोष) किंवा प्लेटलेटच्या कामातला दोष असू शकतो. फॅक्टर आठ हा रक्त गोठवणारा आणखी एक घटक आणि व्हॉन विलेब्रँड, यांच्या तपासण्या मिळून ५,००० ते १०,००० होतात, म्हणून त्या एकदाच आणि नीट व्हाव्यात. निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरलेली हवी आणि नमुना चारेक तासांत लॅबला पोचायला हवा. मे महिन्यात घरून नमुना नेऊन गावभर फिरवलेल्या बॅगेतला फॅक्टर आठ कमी दिसला तर दोष तुमचा की बॅगेचा, कोण सांगणार? ताप, ताणतणाव किंवा गरोदरपणात व्हॉन विलेब्रँडची पातळी वाढते, त्यामुळे एकदा नॉर्मल आली तरी डॉक्टर पुन्हा करायला सांगू शकतात. वयस्कर माणसात हृदयाची महाधमनीची झडप अरुंद झाली की हाच व्हॉन विलेब्रँड घटक कमी पडून आतड्यातल्या नाजूक रक्तवाहिन्यांतून रक्त जाऊ शकतं. तिथे टू-डी इको उपयोगी पडतो. प्रोटीन सी, प्रोटीन एस, फॅक्टर व्ही लायडन या महागड्या तपासण्या मात्र रक्त जास्त गोठण्याच्या आहेत. तुमचा प्रश्न नेमका उलटा आहे, त्या करू नका.

हे परवडत नसेल तर सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत, मात्र दुर्बीण प्रत्येक ठिकाणी नसते. ससून, केईएम, जेजेसारख्या ठिकाणी दर खाजगीच्या मानाने अगदी कमी, पण नंबरासाठी थांबावं लागतं. हिमोफिलियाच्या अवघड तपासण्यांसाठी केईएमच्याच आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ बहुतेक वेळा उपचार ठरल्यावर मिळतो, तेव्हा हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. मेडिक्लेममध्ये ‘केवळ तपासणीसाठी भरती’ हा खर्च साधारणपणे वगळलेला असतो. पॉलिप काढला तर तो उपचार होतो, म्हणून विम्याचे दावे पाहणाऱ्या टीपीएला लेखी विचारून ठेवा.

रक्ताच्या गाठी पडत असतील, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा शौच डांबरासारखं काळं होत असेल, तर वरचे सगळे आकडे विसरून थेट कॅज्युअल्टी गाठा. १०८ची रुग्णवाहिका मोफत आहे.