गाडीवरील गोण्या

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी हे गाव वसले आहे. १७३९ साली वसईचा किल्ला सर झाल्यावर चिमाजी अप्पांच्या नवसाप्रमाणे येथे देवीचे मंदिर बांधले गेले, असे सांगतात. जवळच अकलोली व गणेशपुरी येथे उष्ण पाण्याची कुंडे आहेत.

या परिसरात एका बाजूस भातशेती, डोंगर व पाडे आहेत, तर दुसऱ्या बाजूने शहर वाढत येत आहे. भिवंडीचे यंत्रमाग प्रसिद्धच आहेत. आता तालुक्यात मोठमोठी गोदामेही उभी राहिली आहेत. पावसाळा सरला की वीटभट्ट्या पेटतात. कातकरी समाजातील अनेक कुटुंबे कित्येक महिने भट्टीजवळच झोपडी बांधून राहतात.

मुलांनो, अशा एखाद्या झोपडीतील मुलाचा विचार करा. भट्टीचा धूर त्याच्या श्वासात जातो. मालमोटारींनी उडविलेली धूळ आणि आईच्या चुलीचा धूर त्यात मिसळतो. पाणी उघड्या विहिरीचे; डोक्यावर कडक ऊन. त्यात पोटभर अन्न नसेल, तर आजाराशी झुंजण्याचे बळ कोठून येणार?

समजा, एकाने धूर तपासला, दुसऱ्याने धूळ, तिसऱ्याने पाणी. ‘हे मर्यादेत आहे,’ असे प्रत्येकाने सांगितले. तिघांचेही म्हणणे खरे असू शकेल. परंतु त्या मुलाचे शरीर एकच आहे. ते हे सारे एकाच वेळी सोसते. गाडीवर चढविताना प्रत्येक गोणी हलकीच वाटते. आस मात्र साऱ्या गोण्यांच्या भाराने मोडतो.

म्हणून सर्व धोक्यांचे मोजमाप एकत्र झाले पाहिजे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांसाठी हवा, पाणी व जमीन या तिन्हींचा मिळून एक निर्देशांक काढला. ७० अथवा अधिक गुण म्हणजे स्थिती अतिगंभीर. ठाणे जिल्ह्यातीलच डोंबिवलीस तेव्हा ७८.४१ गुण मिळाले होते.

विखुरलेल्या पाड्यांचा हिशेब मात्र कारखान्यांच्या यादीत सापडत नाही. तो गावानेच मांडावयास हवा. गावाचा नकाशा काढावा. धूर, धूळ, दूषित पाणी, कचरा यांसाठी निरनिराळ्या खुणा कराव्यात. जेथे अनेक खुणा एकत्र येतील आणि माणसे दुबळी असतील, तेथून उपायांस आरंभ करावा. एक गोणी उतरली, तरी गाडीचा भार हलका होतो.

स्वाध्याय
१. ‘प्रत्येक धोका मर्यादेत असूनही शरीरास अपाय होतो.’ हे कसे, ते सांगा.
२. तुमच्या गावाचा अथवा वस्तीचा असा नकाशा तयार करा.