टीव्हीसमोर बसून आपण जे बोलतो



‘सैराट’ टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागतो. २९ एप्रिल २०१६ ला तो थिएटरात आला. त्यानंतर जन्मलेली पोरंसुद्धा घरातून पळून गेलेल्या आर्ची-परशाला ओळखतात. घरात तो लागला की कुणीतरी बोलतंच. ‘एवढ्या मोठ्या घरातली पोरगी, काय बुद्धी सुचली!’ ‘आईबापाचं नाक कापलं.’ ‘शिकायच्या वयात असले धंदे.’ बोलणारा बोलून जातो आणि मोबाइल उघडतो. कोपऱ्यात गणिताची वही घेऊन बसलेली पंधरा वर्षांची मुलगी मात्र ते वाक्य मनात ठेवते.

अशाच एका मुलीने मला सांगितलं होतं. क्लासहून येताना एक मुलगा रोज मुलुंड स्टेशनपासून घरापर्यंत तिच्या मागे यायचा. तिला तो नको होता, भीती वाटायची. तरी घरी सांगितलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘आर्चीबद्दल बाबा काय बोलले ते ऐकलंय मी. मलाच म्हणाले असते, तूच काहीतरी केलं असशील.’

तिचे बाबा वाईट नाहीत. मुलीवर जीव टाकणारा माणूस. आपण सिनेमाबद्दल बोलतोय, मुलीबद्दल नाही, असंच त्यांना वाटत होतं. पण मुलं तसं ऐकत नाहीत. बरीच वर्षं शाळेत शिकवलं, नंतर मुलांशी बोलण्याचंच काम केलं, आणि माझं एक मत पक्कं होत गेलं. घरात एखादी गोष्ट सांगायची की दडवायची, हे मुलं आपल्या उपदेशावरून ठरवत नाहीत. पडद्यावरच्या माणसांवर आपण जाता-येता जे शेरे मारतो, त्यावरून ठरवतात. चुकलेल्या माणसाला या घरात काय वागणूक मिळते, याचा अंदाज त्यांना तिथे येतो.

संध्याकाळच्या मालिकांचंच घ्या. ‘आई कुठे काय करते’ २०१९ च्या डिसेंबरपासून जवळजवळ पाच वर्षं चालली. अरुंधती नवऱ्यापासून वेगळी झाली, स्वतःच्या पायावर उभी राहिली, पुढे तिने दुसरं लग्न केलं. तेव्हा कितीतरी घरांत जेवणाच्या ताटावर वाद झाले. ‘बरं केलं बाईने’ म्हणणारी आजी मी पाहिलीय, तशीच ‘या वयात शोभतं का हे?’ म्हणणारी मावशीही पाहिलीय. आता विचार करा, त्याच वेळी समोर बसलेल्या मुलाच्या जवळच्या मित्राचे आईवडील वेगळे झालेले असतील तर? किंवा त्याची स्वतःची आत्या माहेरी परतलेली असेल तर? त्याला कुणी काही समजावलेलं नसतं. ‘शोभतं का’ या दोन शब्दांतून त्याला जे कळायचं ते कळतं.

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’वर सुजय डहाकेने सिनेमा केला, तो २०१२ च्या जानेवारीत आला. काळ आणीबाणीचा, नववीतला जोशी आणि त्याला आवडणारी शिरोडकर. आपल्यातल्या अनेकांना तो आपलाच वाटला. मला त्यात नरूमामा फार महत्त्वाचा वाटतो. जोशी मनातलं त्याच्यापाशी बोलू शकतो, कारण तो हसण्यावारी नेत नाही आणि दचकतही नाही. जितेंद्र जोशीने नरूमामाचं काम अगदी सहज केलंय. पण माझा प्रश्न असा की असा माणूस नेहमी मामाच का असावा? आईने, बाबांनी ती जागा का सोडून द्यावी? आणि आता अंधेरी-बोरिवलीत घराघरांतली माणसं सकाळी साडेसातला बाहेर पडून रात्री साडेआठला परततात, मामा डोंबिवलीला किंवा पुण्याला, भेट गणपतीत. म्हणजे मुलाला नरूमामाही नाही आणि आपणही नाही.

मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘ॲडोलेसन्स’ ही ब्रिटिश मालिका आली. चारच भाग, प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये घेतलेला. तेरा वर्षांच्या जेमीला, शाळेतल्या एका मुलीच्या खुनाच्या संशयावरून, सकाळी सकाळी पोलीस घरातून घेऊन जातात, तिथून सुरुवात होते. जेमीचं काम करणाऱ्या ओवेन कूपरला पंधराव्या वर्षी एमी पुरस्कार मिळाला. ब्रिटनमध्ये ती माध्यमिक शाळांना मोफत दाखवता यावी अशी सोय केली गेली. आपल्याकडेही बऱ्याच आईबाबांनी ती पाहिली, आणि पाहून झाल्यावर मुलांचे फोन तपासायला घेतले. माझ्या मते त्यांनी मालिकेतला सगळ्यात मोलाचा भाग नजरेआड केला.

दुसऱ्या भागात तपास अधिकारी बॅस्कम चौकशीसाठी जेमीच्या शाळेत जातो. खून झालेल्या मुलीने जेमीला इन्स्टाग्रामवर लिहिलेल्या शेऱ्यांचा, त्यांतल्या इमोजींचा त्याने आपल्या परीने अर्थ लावलाय. ती मुलगी जेमीशी चांगलं वागत होती, असं तो धरून चाललाय. त्याच शाळेत त्याचा स्वतःचा मुलगा ॲडम शिकतो. बापलेकांचं फारसं बोलणं नाही, हे दोन मिनिटांत कळतं. तो मुलगा बापाला बाजूला घेतो आणि सांगतो की तुम्ही चुकीचं वाचताय. त्या खुणा गोडीच्या नाहीत, जेमीला हिणवण्याच्या आहेत. लाल हृदय वेगळं, जांभळं वेगळं, पिवळं वेगळं. एवढा अनुभवी पोलीस, पण मुलांच्या जगाची वाट त्याला मुलानेच दाखवली. तीही बाप चारचौघांत तोंडघशी पडतोय हे बघवेना म्हणून. भागाच्या शेवटी बॅस्कम मुलाला घेऊन खायला निघतो. मला तो प्रसंग खुनाच्या तपासापेक्षा मोठा वाटला. ॲडमने तोंड उघडलं नसतं तर पोलीस चुकीच्याच वाटेने गेले असते.

चौथ्या भागात जेमीचे आईवडील बेडरूममध्ये बसून स्वतःलाच विचारतात, आपलं कुठे चुकलं? पोरगा शाळेतून यायचा, दार आपटायचा, वर खोलीत जायचा, रात्री उशिरापर्यंत कॉम्प्युटरचा उजेड दिसायचा. खोलीत आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं त्यांना वाटलं. इथे आपल्यातले पुष्कळजण सुटकेचा निःश्वास टाकतात. ‘आमच्याकडे वन बीएचके, मुलाला खोली आहेच कुठे!’ खोली नाही, हे खरं. पण कानात हेडफोन आहेत. हॉलमध्ये आजी मालिका बघतेय, बाबा मॅच, आई ओट्यापाशी फोन टेकवून रेसिपी, आणि मुलगा सोफ्याच्या टोकाला. आपल्यापासून हाताच्या अंतरावर बसून तो कुठे आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं.

यावर बरेच आजी-आजोबा जुन्या दिवसांचा विषय काढतात. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. नंतरची काही वर्षं चाळीत एखाद्याच घरी टीव्ही, आणि ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ बघायला सगळा मजला त्या घरात. एका वाक्यावर दहा मतं. मुलांना त्या गर्दीत कळायचं की मोठ्या माणसांचंही एकमेकांशी पटत नाही, काकू एक म्हणते आणि आजोबा दुसरंच. ते चांगलं होतं, मान्य. पण त्या काळात मुलं मोकळी होती असं समजू नका. रवी जाधवचा ‘बालक-पालक’ आठवा, जानेवारी २०१३ चा. चाळच आहे, माणसांचा राबता आहे, आणि तरी ती पोरं आपले प्रश्न घेऊन चोरून आणलेल्या व्हिडिओ कॅसेटपाशी जातात. चाळीतल्या ताईबद्दल मोठी माणसं जे कुजबुजली, ते त्यांनी ऐकलेलं असतं. विचारायची हिंमत मात्र झालेली नसते. किशोर कदमने केलेले कदमकाका त्यांच्याशी सरळ बोलतात तेव्हा कुठे त्यांच्या मनावरचं ओझं उतरतं. पडदा एक होता तेव्हाही मुलं एकटी पडतच होती.

‘छावा’बद्दल मला थोडं कडक बोलायचंय, रागावू नका. लक्ष्मण उतेकरांचा हा सिनेमा १४ फेब्रुवारी २०२५ ला लागला, आणि उपनगरांतल्या मल्टिप्लेक्सांत कुटुंबंच्या कुटुंबं लोटली. आपल्या राजाची गोष्ट मुलांनी पाहावी ही ओढ मी समजू शकते, ती माझ्यातही आहे. पण सेन्सॉर बोर्डाने त्याला ‘यूए १६+’ प्रमाणपत्र दिलं होतं. २०२४ च्या नोव्हेंबरपासून ‘यूए’चे ७, १३ आणि १६ असे तीन वयोगट झाले, ते यासाठीच. यात दारावर कुणी अडवत नाही, निर्णय आईबापावर सोडलेला असतो. आपण तो घेतलाच नाही. शेवटच्या छळाच्या दृश्यांत नखं उपटतात, डोळ्यांत तापलेल्या सळ्या घालतात, आणि ते सहा-सात वर्षांच्या मुलांनी पाहिलं. रडणाऱ्या मुलांचे व्हिडिओ फोनोफोनी फिरले आणि आपण त्यांना शाबासकी दिली. त्यातली काही मुलं भक्तिभावाने रडली असतील. काही भेदरून रडत होती. नंतर रात्री दिवा मालवू न देणारा दुसरीतला एक मुलगा मी पाहिलाय. घरच्यांनी त्याला म्हटलं, ‘मावळे घाबरत नाहीत.’ तेव्हापासून त्याने भीती वाटते हे सांगणंच सोडलं. त्याच्याशी मी दोन-तीनदा बसून बोलले. त्याला एकच गोष्ट विचारायची होती: ‘त्यांना खरंच एवढं दुखलं होतं का?’ हा प्रश्न सिनेमागृहातून घरी येताना रिक्षातच विचारता आला असता, त्याला वाव मिळाला असता तर.

मग करायचं काय? फार मोठं काही नाही.

‘काय बघतोयस?’ हा प्रश्न कितीही प्रेमाने विचारला तरी मुलाला तो झडतीसारखा वाटतो. त्याऐवजी एखाद्या प्रसंगाबद्दल, एखाद्या माणसाबद्दल विचारा. कुणाचा राग आला? तू असतास तर काय केलं असतंस? अविनाश अरुणचा ‘किल्ला’ मी मुलांबरोबर बऱ्याचदा पाहिला. वडील गेलेले, आईची कोकणात बदली, आणि चिन्मय नव्या शाळेत मित्र जोडू बघतोय. सायकली घेऊन सगळे किल्ल्यावर जातात आणि पावसात तो एकटा मागे राहतो. बर्लिनला मुलांच्या ज्युरीने २०१४ मध्ये या सिनेमाला क्रिस्टल बेअर दिलं ते उगीच नाही. बोरिवलीला नव्याने राहायला आलेला सातवीतला एक मुलगा सिनेमा संपल्यावर एवढंच म्हणाला, ‘ते मुद्दाम सोडून गेले त्याला.’ मी म्हटलं, ‘तुला मुद्दाम वाटलं?’ तो थोडा वेळ चपलेचा पट्टा ओढत बसला. मग म्हणाला, ‘सोसायटीत मलापण नाही घेत क्रिकेटला. बॉल आणून द्यायला ठेवतात.’ त्याची आई शेजारीच बसली होती. घर बदलून वर्ष होत आलं होतं, आणि हे तिने पहिल्यांदाच ऐकलं. तिने लगेच ‘कोण ते? मी बघते त्यांच्या आईला’ असं केलं नाही, नुसती त्याच्याजवळ सरकली. म्हणूनच तो पुढे बोलला.

लहान मुलांच्या आवडीला नावं ठेवू नका. ‘तारक मेहता’ २००८ पासून चालू आहे, तेच तेच विनोद, हे मलाही दिसतं. पण गोरेगावच्या त्या गोकुळधाममध्ये जेठालाल आणि भिडे मास्तर भांडून पुन्हा एकत्र जेवतात, टप्पू कुठल्याही घरात बेल न वाजवता शिरतो. विसाव्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाला शेजारच्या दाराआड कोण राहतं ते माहीत नसतं. तो ते पुन्हा पुन्हा का बघतो, हे त्यालाच विचारून बघा. ‘काय ते फालतू’ म्हटलंत की उत्तर मिळायचं नाही.

आणि आपलं मतही जरूर सांगा. गप्प बसून ‘तुझं तू ठरव’ म्हणणं म्हणजे मोकळेपणा नव्हे. ‘मला हा सिनेमा पटला नाही, तो नायक बायकोशी ज्या भाषेत बोलतो ती मला सहन झाली नाही’ असं बाबांनी मुलापुढे म्हणायलाच हवं. फक्त कारण द्या, आणि माणसावर शिक्का मारण्याआधी क्षणभर थांबा. आर्ची चुकली असं तुमचं मत असेल तर तेही सांगा, पण पुढे एक वाक्य जोडा: ‘तरी तिच्या घरच्यांनी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी घेतलं असतं.’ तुमच्या मुलीला ऐकायचं असतं ते हे वाक्य.

सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल. दहावीतला मुलगा ‘ठीक होता’ एवढंच म्हणेल. सोडून द्या, पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. एकत्र बघायला काही सुचत नसेल तर ‘नाळ २’पासून सुरू करा, सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला सिनेमा आहे, आणि चिमीचं काम करणारी त्रिशा ठोसर प्रत्येक घरात काही ना काही बोलायला लावेल. या शनिवारी जेवणं आटोपली की सगळ्यांचे फोन चार्जिंगला लावा आणि तो बघा. संपल्यावर आधी मुलाला बोलू द्या. त्याचं बोलून होईपर्यंत तुमचं मत राखून ठेवा.